आज भाजी कोणती? सर्व्हरवर पान घडवायच्या पद्धती, एकाच उदाहरणावर

नारायण पेठेतल्या एका खानावळीत मी कॉलेजची चार वर्षं जेवलो. दारात दोन फलक होते. एक ऑइलपेंटने रंगवलेला: "पानात टाकू नये. रविवारी दुपारी फीस्ट, संध्याकाळी बंद." दुसरा खडूफळा. त्यावर काकू रोज साडेदहाच्या सुमारास भाजी, आमटी आणि कोशिंबीर लिहायच्या, संध्याकाळी पुसून पुन्हा लिहायच्या. साधी एचटीएमएल फाइल म्हणजे रंगवलेला फलक आणि डायनॅमिक पान म्हणजे खडूफळा, एवढं डोक्यात ठेवलं तर पुढचं सगळं सोपं जातं.

नोकरी लागल्यावर एकदा सहज जेवायला गेलो, तर काकू म्हणाल्या, "अरे, त्या अभ्यासिकेतल्या पोरांचे सकाळपासून फोन. आज भाजी कोणती, आज भाजी कोणती. मोबाइलवर दिसेल असं काहीतरी करून दे ना." ते काम करताना मी तेच पान हौसेने चार-पाच पद्धतींनी बांधून पाहिलं. नवीन मुलं मला "पीएचपी शिकू की नोड?" असं विचारतात तेव्हा मी त्यांना हाच उद्योग करायला लावतो. भाषेचा प्रश्न नंतर येतो. आधी बघायचं ते हे, की पान घडतं कधी आणि ते घडवणारा प्रोग्रॅम किती वेळ जिवंत असतो.

पायरी १ : कागदावर दोन आकडे

पान दिवसातून किती वेळा बदलतं आणि किती वेळा बघितलं जातं, हे दोन आकडे लिहा. खानावळीचा मेनू दोनदा बदलतो आणि दीडशे-दोनशे पोरं तो बघतात. बँकेच्या खात्याचं पान वेगळं, तिथे प्रत्येकाला स्वतःचीच शिल्लक दिसायला हवी. शोधाचं पानही वेगळं, कोण काय टाइप करेल ते आधी कळत नाही. कागद फेकू नका, शेवटच्या पायरीला लागेल.

माहिती वर्षातून एकदा बदलत असेल तर इथेच थांबा. फाइल हाताने बदला आणि घरी जा. सर्व्हरवर चालणारा प्रत्येक प्रोग्रॅम उद्या कुणालातरी सांभाळावा लागतो, आणि तो कुणीतरी बहुधा तुम्हीच असता.

पायरी २ : सामान

उबुंटू असलेला लॅपटॉप, विंडोज असेल तर डब्ल्यूएसएल (विंडोजच्या आत लिनक्स चालवायची सोय). त्यावर अपाचे (ब्राउझरला पानं देणारा वेब सर्व्हर), पीएचपी, पायथन आणि एसक्यूलाइट. एसक्यूलाइट अशासाठी की अख्खा डेटाबेस एका फाइलीत मावतो आणि वेगळा सर्व्हर चालवावा लागत नाही. एका वेळी एकालाच त्यात लिहिता येतं, पण आपल्याकडे लिहिणाऱ्या काकू एकट्याच आहेत. एक टेबल पुरे: तारीख, वेळ, भाजी, आमटी, टीप. आज्ञा आणि फंक्शनची नावं मी इथे देवनागरीत लिहितोय, टर्मिनलवर ती अर्थातच इंग्रजी अक्षरांत टाकायची.

दोन गोष्टी आत्ताच करून टाका. डेटाबेसची फाइल वेबच्या फोल्डरबाहेर ठेवा, नाहीतर पत्ता ओळखणारा कुणीही ती सरळ डाउनलोड करतो. आणि लिहायची परवानगी फक्त फाइलीला देऊन भागत नाही. एसक्यूलाइट शेजारीच तात्पुरती जर्नल फाइल बनवतं, म्हणून फोल्डरलाही ती परवानगी लागते. मेनू दिसतो पण सेव्ह होत नाही, अशी तक्रार आली की मी आधी इथे बघतो.

पायरी ३ : सीजीआय, एकदाच, हाताने

सीजीआय, म्हणजे कॉमन गेटवे इंटरफेस, ही १९९३ मधली पद्धत आहे. आज नवीन काम कुणी त्यात सुरू करत नाही. तरीही एक संध्याकाळ तिला द्या, कारण बाकीच्या सगळ्या पद्धती जे झाकून ठेवतात ते इथे उघडं दिसतं.

ब्राउझरकडून रिक्वेस्ट आली की अपाचे तुमचा प्रोग्रॅम एक नवीन प्रोसेस म्हणून सुरू करतो. रिक्वेस्टची माहिती एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये ठेवतो: पद्धत गेट की पोस्ट, पत्त्यातल्या प्रश्नचिन्हानंतरचा मजकूर काय. फॉर्ममधून आलेला मजकूर स्टँडर्ड इनपुटवर देतो. प्रोग्रॅम जे काही प्रिंट करेल ते ब्राउझरकडे जातं. प्रोग्रॅम संपतो, प्रोसेस मरते. इथे जादू कसलीच नाही.

उबुंटूवर अपाचेचं सीजीआय मॉड्यूल चालू करा आणि सीजीआय-बिन फोल्डरमध्ये पायथनची एक फाइल ठेवा. पहिल्या ओळीत पायथनचा मार्ग. मग आधी कंटेंट-टाइप हा हेडर (मजकुराआधी ब्राउझरला जाणारी सूचना) प्रिंट करा, त्यात कॅरसेट, म्हणजे अक्षरं साठवायची पद्धत, यूटीएफ-८ सांगा. मग एक रिकामी ओळ. मग एचटीएमएल. ती रिकामी ओळ विसरा आणि काय होतं ते मुद्दाम बघा: ब्राउझरवर ५०० क्रमांकाची एरर, आणि खरं कारण अपाचेच्या एरर लॉगमध्ये. ब्राउझरकडे बघत बसण्याऐवजी लॉग उघडायची सवय इथेच लागते. फाइलीला चालवायची परवानगी दिली नसेल किंवा ती विंडोजच्या नोटपॅडमध्ये लिहिलेली असेल, तरी तीच ५०० येते. नोटपॅडने ओळीच्या शेवटी टाकलेलं जास्तीचं अदृश्य चिन्ह पहिल्या ओळीला चिकटतं, आणि सिस्टिम त्या नावाचा पायथन शोधत बसते. जुनी ट्यूटोरियलं पायथनचं सीजीआय नावाचं मॉड्यूल वापरायला सांगतात. ते २०२४ मध्ये आलेल्या ३.१३ आवृत्तीतून काढून टाकलं आहे, तेव्हा एन्व्हायर्नमेंटमधून स्वतःच वाचा.

आता पान पन्नास वेळा भराभर रिफ्रेश करा आणि दुसऱ्या खिडकीत प्रोसेसची यादी बघा. दर वेळी पायथन नव्याने उभा राहतो, लायब्ऱ्या लोड करतो, डेटाबेस उघडतो, चार ओळी छापतो आणि मरतो. प्रत्येक गिऱ्हाइकासाठी शेगडी नव्याने पेटवायची, पोळी भाजायची आणि शेगडी विझवायची. पुढच्या सगळ्या पद्धती म्हणजे ही शेगडी पेटती ठेवायच्या तऱ्हा आहेत.

पायरी ४ : पीएचपी

रासमुस लेरडॉर्फने १९९५ मध्ये स्वतःच्या होमपेजसाठी केलेली साधनं लोकांना दिली, त्यातून ही भाषा वाढली. गंमत अशी की इथे एचटीएमएलच्या पोटात कोड लिहितात. भाजीचं नाव जिथे दिसायला हवं तिथेच ते छापणारी ओळ. करून बघायला अपाचेही नको: फोल्डरमध्ये जाऊन "पीएचपी उणे एस लोकलहोस्ट कोलन ८०००" ही आज्ञा दिली (एस कॅपिटल) की सर्व्हर सुरू.

पीएचपीत शेगडी पेटती असते, पण ओटा दर वेळी धुतला जातो. पीएचपी-एफपीएमच्या प्रोसेस आधीपासून तयार बसलेल्या असतात आणि ओपीकॅशमुळे तुमचा कोड दर वेळी नव्याने वाचावा लागत नाही. पण रिक्वेस्ट संपली की तुमची सगळी व्हेरिएबल्स पुसली जातात. नवख्याला हे वरदान आहे. एका गिऱ्हाइकाची माहिती दुसऱ्याच्या पानात सांडत नाही, आणि मेमरी हळूहळू भरत जाऊन रात्री तीनला सर्व्हर झोपला, असं सहसा होत नाही. लोक पीएचपीला नावं ठेवतात, मीही ठेवली आहेत. पण स्वस्तातल्या होस्टिंगवर फाइल कॉपी केली की पान चालू, हे सुख दुसऱ्या कुठल्याही पद्धतीत नाही.

हमखास अडकायची जागा एकच सांगतो. "हेडर्स आधीच पाठवले" अशी वॉर्निंग येते आणि लॉगिन चालत नाही. फाइलीच्या अगदी सुरुवातीला, पीएचपीच्या खुणेआधी, एखादी रिकामी ओळ किंवा बीओएम नावाचं न दिसणारं चिन्ह असतं. सीजीआयमधली ती रिकामी ओळ आठवा. हेडर आधी, मजकूर नंतर, हा नियम तोच आहे. मजकुराचं पहिलं अक्षर बाहेर पडलं की हेडरची वेळ गेली.

पायरी ५ : जिवंत राहणारा प्रोग्रॅम

पायथनची फ्लास्क आणि जँगो, नोडवरचा एक्स्प्रेस, जावाचं स्प्रिंग बूट ही सगळी या घरातली. प्रोग्रॅम एकदा सुरू होतो आणि हजारो रिक्वेस्टना उत्तरं देत बसतो. पुढे इंजिनएक्स हा वेब सर्व्हर दारवानासारखा उभा असतो, तो रिक्वेस्ट आत पाठवतो.

वेग मिळतो, आणि स्मरणशक्तीही मिळते. ती स्मरणशक्तीच घात करते. हा प्रयोग कराच: फ्लास्कमध्ये एक ग्लोबल व्हेरिएबल घ्या, दर रिक्वेस्टला एकने वाढवा आणि पानावर छापा. लॅपटॉपवर १, २, ३ असं छान चालतं. आता तेच गनिकॉर्नखाली (पायथनची वेब अॅप्स चालवणारा सर्व्हर) तीन वर्कर देऊन चालवा. रिफ्रेश करत जा: ४, ५, २, ६, १. प्रत्येक वर्करचा आकडा वेगळा, कारण प्रत्येक वर्कर ही वेगळी प्रोसेस आहे. नोडमध्ये एकच प्रोसेस असेल तर आकडा बरोबर येतो, पण तिथे "सध्याचा वापरकर्ता" ग्लोबलमध्ये ठेवला तर एकाचं नाव दुसऱ्याच्या स्क्रीनवर दिसू लागतं. टिकायला हवं ते डेटाबेसमध्ये ठेवायचं. प्रोग्रॅमच्या पोटात काही साठवायचं नाही.

नोडचं आणखी एक. २००९ मध्ये आलेलं हे साधन तुमचा जावास्क्रिप्ट एकाच थ्रेडवर चालवतं. डेटाबेसच्या उत्तराची वाट बघताना ते दुसऱ्या रिक्वेस्ट हाताळतं, म्हणून चॅटसारख्या, वाट बघण्याच्या कामात ते फार छान. पण तुम्ही पाच सेकंदांचा हिशोब सरळ लूपमध्ये केलात, तर त्या पाच सेकंदांत कुणालाच उत्तर मिळत नाही. आणि न पकडलेली एक एरर अख्खा प्रोग्रॅम पाडते. म्हणून सिस्टिमडीला (लिनक्सवर प्रोग्रॅम सुरू करणारा आणि सांभाळणारा) "पडला तर पुन्हा उठव" असं सांगून ठेवा.

जँगो २००५ मध्ये अमेरिकेतल्या कॅन्ससमधल्या एका वृत्तपत्राच्या कचेरीतून बाहेर आलं. बातम्या भरणाऱ्या माणसांना कोड न लिहिता मजकूर टाकता यावा ही त्यांची गरज होती, म्हणून त्यात अॅडमिनची पानं तयार मिळतात. टेबल सांगा, की भरायचा फॉर्म, यादी आणि लॉगिन हजर. दहा-बारा टेबलं असतील तर मी डोळे झाकून जँगो घेतो. फ्लास्क त्या मानाने रिकामा ओटा. शिकायला चांगला, पण प्रत्येक भांडं तुम्हालाच आणावं लागतं. फ्लास्कचा सोबतचा सर्व्हर फक्त लॅपटॉपसाठी, सुरू होतानाच तो तसं बजावतो. डीबग मोड चालू ठेवून तर तो कधीही लोकांपुढे ठेवू नका. एररच्या पानावरून बाहेरच्या माणसाला तुमच्या मशिनवर कोड चालवायची वाट मिळू शकते.

जावाबद्दल थोडक्यात. खानावळीसाठी स्प्रिंग बूट म्हणजे कोपऱ्यावरून कोथिंबीर आणायला टेम्पो काढणं. पण बँका आणि विमा कंपन्यांची मोठी कामं अजून त्यावर चालतात, हिंजवडीत तुम्हाला ते हमखास भेटेल, आणि सी-डॅक या सरकारी संस्थेच्या पीजी-डॅक या पदविका अभ्यासक्रमातही जावा शिकवतात. नोकरीसाठी शिकत असाल तर शिका. फक्त ते शिकण्याआधी पायरी ३ करा, मग सर्व्हलेट (रिक्वेस्टला उत्तर देणारा जावाचा तुकडा) म्हणजे काय हे पाठ करावं लागणार नाही.

पायरी ६ : काकूंचा फॉर्म

दाखवणं सोपं, घेणं अवघड. फॉर्मचा मजकूर एसक्यूएलच्या वाक्यात जोडून क्वेरी बनवू नका, जागा सोडून व्हॅल्यू वेगळी द्या. पीएचपीत पीडीओचं (पीएचपीची डेटाबेसशी बोलायची सोय) प्रिपेअर, पायथनमध्ये व्हॅल्यूच्या जागी प्रश्नचिन्ह. हे सगळीकडे लिहिलेलं असतं, पण मराठी साइटवर ही चूक जास्त काळ लपते, ते मात्र कुणी सांगत नाही. "भरली वांगी", "मटकीची उसळ", "अळूचं फदफदं" यांत अपॉस्ट्रॉफी नसतेच. तुम्ही महिनाभर तपासता आणि सगळं चालतं. मग कुणीतरी इंग्रजीत अपॉस्ट्रॉफीसकट "शेफ्स स्पेशल" लिहितं आणि क्वेरी फुटते. त्या क्षणी नुसती क्वेरी फुटली तर नशीब, कारण याच फटीतून कुणी मुद्दाम स्वतःची क्वेरीही घुसवू शकतं. म्हणून अपॉस्ट्रॉफी असलेला मजकूर पहिल्याच दिवशी भरून बघा.

छापताना उलटं: बाहेरून आलेला मजकूर एस्केप करूनच, म्हणजे त्यातल्या एचटीएमएलच्या खुणा निष्प्रभ करूनच, छापायचा. जँगो आणि फ्लास्कची टेम्प्लेटं ते आपोआप करतात. साध्या पीएचपीत एचटीएमएलस्पेशलकॅर्स तुम्हालाच लावावं लागतं, आणि दहापैकी एके ठिकाणी ते राहतंच.

सेव्ह झाल्यावर तिथेच "धन्यवाद" छापू नका. ३०३ कोड देऊन ब्राउझरला मेनूच्या पानावर पाठवा. मी पहिल्यांदा ते केलं नव्हतं. काकूंनी पान रिफ्रेश केलं, फोनने फॉर्म पुन्हा पाठवला आणि मेनूत शिकरण दोनदा आलं. एक पोरगा खरोखरच दुसरी वाटी मागायला आला.

पायरी ७ : घड्याळ आणि अक्षरं

माझी सगळ्यात लाजिरवाणी चूक इथली. एका सोमवारी काकूंचा फोन: "काल रात्री तुझ्या त्या पानावर आज संध्याकाळी बंद असं लिहिलं होतं म्हणे. पोरं दुसरीकडे जेवली. माझी पंचवीस पानं उरली." मी दुपारी बघितलं तर पान बरोबर. संध्याकाळी बघितलं, बरोबर.

पोरं अभ्यासिकेतून रात्री साडेबाराला बघत होती. आपल्याकडे सोमवार उजाडला होता. सर्व्हरचं घड्याळ यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेवर, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे, आणि त्याच्या लेखी अजून रविवार होता. रोज रात्री १२ ते पहाटे ५:३० माझं पान कालचा दिवस दाखवत होतं. मी दिवसा तपासायचो, म्हणून मला कधीच दिसलं नाही.

पीएचपीला एशिया/कोलकाता हा टाइमझोन दिला, काकूंना "झालं" म्हणून सांगितलं, आणि रात्री पुन्हा तेच. क्वेरीत मी एसक्यूलाइटचं डेट-नाऊ वापरलं होतं. ते पीएचपीला विचारत नाही, ते यूटीसीच देतं. तेव्हापासून माझा नियम: आजची तारीख प्रोग्रॅममध्ये एकाच जागी काढायची आणि क्वेरीला व्हॅल्यू म्हणून द्यायची. कुठलीही पद्धत घेतलीत तरी रात्री साडेबाराला एकदा पान उघडून बघा.

आता अक्षरं. "पोळी" या शब्दाची लांबी किती? पीएचपीचं स्ट्रलेन म्हणतं १२, पायथन आणि जावास्क्रिप्ट म्हणतात ४, आणि आपण दोन म्हणतो. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं. प, ओकार, ळ आणि ईकार अशी चार चिन्हं, म्हणून १२. "टीप २० अक्षरांत" अशी मर्यादा स्ट्रलेनने घातली तर सातव्या चिन्हालाच ती संपते, आणि सबस्टरने कापलं तर शेवटी चौकटीतलं प्रश्नचिन्ह उरतं. पीएचपीत एमबी लावलेली फंक्शनं वापरा. पुढे मायएसक्यूएलवर गेलात तर कॅरसेट यूटीएफ८एमबी४ ठेवा. जुन्या यूटीएफ८ मध्ये चिन्हाला तीनच बाइट मिळतात. मराठी मावतं, पण काकूंनी एक इमोजी टाकली की गाडी अडते.

पायरी ८ : कागद परत काढा

दोनदा बदलतं, दोनशे वेळा बघितलं जातं. मग दोनशे वेळा डेटाबेसला का विचारायचं? शेवटी मी काकूंना जे दिलं ते असं: पासवर्डमागे पीएचपीचा एक फॉर्म. "जतन करा" दाबलं की मेनू डेटाबेसमध्ये जातो आणि त्याच वेळी तयार एचटीएमएल फाइल लिहिली जाते. पोरं बघतात ती साधी फाइल. पान बघताना घडत नाही, बदलताना घडतं. दुपारी बाराला सगळी एकदम तुटून पडली तरी अपाचेला फक्त फाइल द्यायची असते. होस्टिंगवर पीएचपी काही कारणाने बंद पडलं तरी निदान मागचा मेनू दिसतो.

फाइल लिहिताना थेट जुनीवर लिहू नका. त्याच फोल्डरमध्ये दुसऱ्या नावाने पूर्ण लिहा आणि मग रीनेम करा. लिनक्सवर ही अदलाबदल एका झटक्यात होते, त्यामुळे अर्धवट पान कुणाला दिसत नाही. आणि तारीख-वार काकूंच्या फॉर्ममधून घेऊन पानावर सगळ्यात वर, मोठ्या अक्षरांत छापा. "आज" हा शब्द पानावर कुठेही नको. त्या पानाला आता घड्याळ लागत नाही, आणि काकू मेनू टाकायला विसरल्या तर पोरांना कालची तारीख दिसते. मग ती फोन करतात.